दयामरण आणि देणारा हात

'दयामरण' हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकाच रूपात रूढ आहे. एका पाश्चात्य संकल्पनेसाठी दोन्ही भाषांनी संस्कृत पदांचा हा समास स्वीकारला, आणि वृत्तपत्रांपासून न्यायालयीन निवाड्यांच्या चर्चेपर्यंत तो आता सहज वापरला जातो. त्याच्या घडणीत दोन पदे आहेत. एक देण्यामागचा हेतू, म्हणजे दया. आणि दुसरे जे दिले जाते ते, म्हणजे मरण. ज्याला ते मिळते तो वाक्यात लगेच येऊन बसतो: कुत्र्याला, घोड्याला, वाघाला दयामरण दिले, असे म्हटले जाते. ज्याच्या हातून ते दिले जाते त्याच्यासाठी मात्र या शब्दापासून कोणतेही कर्तृवाचक नाम निघालेले नाही. किंबहुना मराठीत हे वाक्य बहुधा 'दयामरण देण्यात आले' असेच पूर्ण होते, आणि त्या रचनेत कर्त्याची आवश्यकताच उरत नाही. बोलीतही 'झोपवले', 'सोडवले', 'मोकळे केले' असे शब्द योजले जातात; त्यांपैकी प्रत्येक शब्द प्राण्याच्या बाजूने उच्चारलेला असतो. देणाऱ्या हाताला काय वाटले हे सांगणारा शब्द त्यांत नाही.

भाषेतील ही उणीव निरुपद्रवी नाही. ज्या अनुभवाला शब्द नाही तो अनुभव ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो एकट्याने वाहावा लागतो, आणि समाजाला तो आहे याची जाणीवही होत नाही. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे लक्ष देणे आवश्यक आहे ते यासाठी.

प्रश्न कोठे उभा आहे हे पाहण्यासाठी बंगळूरच्या दक्षिणेकडील बोम्मसंद्रा हे स्थळ पुरेसे आहे. आनेकल तालुक्यात, होसूर रस्त्यालगत असलेले हे मूळचे खेडे आज औद्योगिक वसाहत म्हणूनच ओळखले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये शहराच्या मेट्रोची पिवळी मार्गिकाही येथवर पोहोचली. यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी येथे औषधनिर्मितीच्या आणि जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, आणि देशोदेशींच्या ग्राहकांसाठी औषधांचे संशोधन करून देणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. अशा संशोधनाला प्राणीगृह लागते आणि प्राणीगृहाला माणसे लागतात. पिंजरे धुणारे, दाणापाणी देणारे, वजने घेऊन वहीत नोंदवणारे परिचर, जीवशास्त्राची किंवा औषधशास्त्राची पदवी घेऊन आलेले तरुण तंत्रज्ञ, आणि पशुवैद्य. वसाहतीच्या पश्चिमेस बन्नेरघट्टाचे अरण्य आहे. सर्कशीतील वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर सोडवलेले अनेक सिंह-वाघ तेथे आश्रयाला आले आणि तेथेच म्हातारे झाले. या दोन टोकांच्या मध्ये हमरस्ता आहे, आणि त्यावर वाहनाखाली सापडणारी भटकी कुत्री आहेत.

या तिन्ही ठिकाणी प्राण्याला मरण देण्याचा प्रसंग येतो आणि तिन्ही ठिकाणी एकच शब्द वापरला जातो. वस्तुतः हे प्रसंग एकजातीचे नाहीत. असाध्य वेदनेने तळमळणारा म्हातारा सिंह किंवा पाठीचा कणा मोडलेले कुत्रे यांच्या बाबतीत दया या शब्दाला अर्थ आहे. त्या हाताला दुःख होते, पण दुःखाबरोबर एक समाधानही मिळू शकते. प्रयोगशाळेची गोष्ट निराळी आहे. नव्या औषधाच्या विषचाचणीत काही उंदरांना औषध वेगवेगळ्या मात्रांत दिले जाते, आणि तुलनेसाठी एका गटाला ते मुळीच दिले जात नाही. ठरलेली मुदत संपली की अवयवांची तपासणी करावयाची असते. तेव्हा ज्यांना औषध दिले त्यांच्याबरोबर ज्यांना दिले नाही त्या धडधाकट प्राण्यांनाही मरण द्यावे लागते. त्यांच्या मरणाला उपयोग आहे, पद्धत आहे, कायद्याची अनुमती आहे. पण त्यांना कोणतीही वेदना होत नव्हती, म्हणून ज्या दयेने मरण द्यावे ती दया येथे नाही. दया असलीच तर ती मरण कसे द्यावे याच्यात आहे, का द्यावे याच्यात नाही.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. प्राणी भेदरलेला असेल तर त्याच्या शरीरातील मोजमापे बिघडतात. म्हणून त्याला माणसाच्या हाताची सवय व्हावी, असे चांगल्या प्राणीगृहाचे धोरण असते. परिचराने त्याला हळुवार उचलावे, रोज उचलावे, म्हणजे तो हात ओळखू लागतो. शेवटच्या दिवशी तो ज्या हातात निश्चिंतपणे येतो तो हात बहुधा हाच असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्नल्ड आर्लुक याने प्राण्यांच्या आश्रयगृहांत आणि प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास केला आणि जपणूक व हत्या एकाच हातून घडण्यातला हा विरोध नेमका दाखवला. प्राण्याविषयी बेफिकीर असणाऱ्याला या कामाचा त्रास थोडा होतो आणि जो चांगला परिचर आहे त्याला अधिक होतो, ही त्यातील खरी विपरीतता.

हा त्रास केवळ हळव्या स्वभावाचा परिणाम आहे असे म्हणून चालणार नाही. रेचल मॅकनेअर या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने २००२ मध्ये असे दाखवले की आघात केवळ सोसणाऱ्यावर होत नाही; ज्याला मारण्याचे कृत्य करावे लागते त्याच्या मनावरही तो होऊ शकतो. व्हनेसा रोल्फ आणि पॉलीन बेनेट यांनी २००५ मध्ये प्राण्यांना मरण देणे हा ज्यांच्या नोकरीचा भाग आहे अशा १४८ जणांची पाहणी केली. त्यांत पशुवैद्यकीय दवाखाने, आश्रयगृहे आणि प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणचे लोक होते. सुमारे ११ टक्के लोकांत आघाताची मध्यम स्वरूपाची लक्षणे आढळली. ब्रिटनमधील पशुवैद्यांत आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे चौपट असल्याचे २०१० च्या एका आढाव्यात नोंदवले आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि मरण देण्याचे काम हे त्यांपैकी केवळ एक असू शकते. तथापि पाश्चात्य देशांत हा प्रश्न निदान विचारला गेला आहे, एवढे यावरून स्पष्ट होते.

भारतीय कायद्याने प्राण्याचा विचार केलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याच्या आधारे प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत प्राणिविषयक नीतिसमिती असावी लागते. भटक्या कुत्र्यांविषयीच्या २००१ च्या नियमांत तर एक मोठी सूक्ष्म तरतूद होती: कोणत्याही कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याच्या देखत मरण देऊ नये. पाहणाऱ्या कुत्र्याच्या मनाची काळजी घेणारे हे वाक्य कोणत्याही सुसंस्कृत समाजाला भूषणावह आहे. त्याच नियमात पुढे असे होते की, मरण देणाऱ्याने विल्हेवाटीपूर्वी प्राणी खरोखर मेला आहे याची खात्री करून घ्यावी. येथे तो माणूस नियमात दिसतो तो केवळ खात्री करून घेणारा म्हणून. पाहणाऱ्या कुत्र्याला मन आहे हे नियमाने मानले. करणाऱ्या माणसाला ते असल्याची दखल मात्र त्याने घेतली नाही. नीतिसमितीची रचनाही अशीच आहे. तिच्यात शास्त्रज्ञ आहेत, पशुवैद्य आहे, शास्त्रज्ञ नसलेला पण सामाजिक भान असलेला एक सभासद आहे, सरकारने नेमलेला प्रतिनिधी आहे. ज्याच्या हातून ते मरण घडावयाचे त्या परिचराला तिच्यात जागा नाही.

हे दुर्लक्ष आजचे नाही, आणि येथेच साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध येतो. प्रयोगशाळेच्या भाषेत प्राण्याला मारणे याला 'सॅक्रिफाइस करणे' म्हणतात. बोम्मसंद्रासारख्या ठिकाणी कोणत्याही मातृभाषेचा तंत्रज्ञ हाच शब्द वापरतो, आणि तो वापरताना आपण यज्ञाची परिभाषा उच्चारीत आहोत याचे त्याला भान नसते. यज्ञाच्या परिभाषेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला होता. पशूला मारणाऱ्याला तेथे 'शमिता' म्हणजे शांत करणारा असे नाव आहे, आणि मारण्याच्या क्रियेला 'संज्ञपन', म्हणजे संमती देववणे. पशूला मारा असे म्हणू नये, ती मनुष्यांची रीत आहे, असे शतपथ ब्राह्मण सांगते. आणि पशू शांत केला जात असताना आपण त्याचे साक्षी होऊ नये म्हणून इतरांनी आहवनीय अग्नीकडे तोंड करून बसावे, असेही सांगते. महाराष्ट्रात देवाला बकरा देताना त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात आणि त्याने अंग झाडले की त्याची अनुमती मिळाली असे मानतात. तो याच विचाराचा लौकिक अवतार म्हणता येईल. यजमान आणि ऋत्विज तोंड फिरवून बसतात तेव्हा शमित्याला मात्र तोंड फिरवता येत नाही. तो त्या शब्दांच्या आणि त्या पाठींच्या पलीकडे एकटाच असतो.

पुढील परंपरेनेही त्याला एकटेच ठेवले. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध हा भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध खाटीक. पण तो कौशिकाला आवर्जून सांगतो की, आपण स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. सजन कसायाच्या कथेतही पुढील कथनकारांनी अशीच काळजी घेतलेली आढळते. खाटकाला थोर ठरवावयाचे असेल तर आधी त्याच्या हातातील सुरी काढून घ्यावी लागते, असा याचा अर्थ होतो. कौशिकाच्या कथेचा आरंभ एका बगळीच्या मृत्यूने होतो हेही ध्यानात घेतले पाहिजे. रागाच्या एका दृष्टिक्षेपाने ती मरून पडते, आणि तो तपस्वी पश्चात्तापाने व्याकूळ होतो. ब्राह्मणाच्या नजरेने झालेल्या एका मृत्यूचा पश्चात्ताप कथेत नोंदला गेला; ज्यांच्या हातून रोज मृत्यू घडतो त्यांच्या मनात काय चालते याची नोंद कथेने केली नाही.

त्यांच्यासाठी भाषेने दुसरी सोय केली. 'कसाई' हे व्यवसायाचे नाव मराठीत शिवी म्हणून वापरले जाते, आणि 'कसायाला गाय धार्जिणी' ही म्हण त्याला टोमणा मारते. मांस खाणारा समाज सुरी धरणाऱ्याला निर्दय ठरवून स्वतः मोकळा होतो. मरणाशी संबंधित कामे जातींना वाटून देणे हा याचाच विस्तार होता. दया पवार यांच्या 'बलुतं' या १९७८ च्या आत्मकथनात गावकीच्या वाट्याला आलेल्या मेलेल्या गुरांचे जे चित्रण आहे, ते मारण्याच्या कामाचे नाही. पण गावाला नको असलेले मरण कोणाच्या दारी टाकले जात होते हे ते दाखवते. ही कामे करणाऱ्या समाजातील माणूस स्वतः लिहू लागेपर्यंत मराठी साहित्याला त्या अनुभवाचे अंतरंग ठाऊक नव्हते. आजच्या प्राणीगृहातील तंत्रज्ञ कोणत्याही जातीचा असू शकतो. तथापि काम सोपवणाऱ्याने तोंड फिरवायचे ही जुनी रीत त्याच्यापर्यंत चालत आली आहे.

याला अपवाद नाहीत असे नाही, आणि त्यांतील एक बोम्मसंद्राच्या भाषेतच आहे. पुण्यकोटी गाईचे लोकगीत कन्नड मुलांना शाळेपासून परिचित असते. वासराला पाजून परत येते असे वचन देऊन गेलेली गाय खरोखरच परत येते. या गीताचा उल्लेख नेहमी सत्यवचनाचा धडा म्हणून केला जातो. पण गीताचा शेवट गाईचा नाही, वाघाचा आहे. मारण्याचा निसर्गदत्त अधिकार असलेला, भुकेलेला वाघ ते कृत्य करू शकत नाही आणि कड्यावरून स्वतःला झोकून देतो. मारणाऱ्याच्या मनात काय घडते हा प्रश्न या अनाम लोककवीने विचारला, आणि त्या मनाची परिणती मरणात होऊ शकते इतके भयंकर उत्तर दिले.

शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'महेश' या बंगाली कथेत हा प्रश्न माणसाच्या पातळीवर येतो. गफूर आपल्या लाडक्या बैलाला चारा देऊ शकत नाही, पाणी देऊ शकत नाही, आणि एका असह्य क्षणी त्याच्याच हातून तो बैल मरतो. रात्री मुलीला घेऊन तो तागाच्या गिरणीकडे निघतो. जाताना स्वतःला हवी ती शिक्षा व्हावी असे तो म्हणतो. पण ज्यांनी महेशला गवत आणि पाणी नाकारले त्यांना क्षमा होऊ नये, असेही मागतो. जे. एम. कूत्सी यांच्या १९९९ मधील 'डिसग्रेस' या कादंबरीत हाच अनुभव अगदी वेगळ्या वाटेने येतो. मानहानी होऊन विद्यापीठातून बाहेर पडलेला प्राध्यापक डेव्हिड लुरी खेड्यातील प्राण्यांच्या दवाखान्यात नकोशा कुत्र्यांना मरण देण्याच्या कामी मदत करतो. कामाची सवय होईल असे त्याला वाटते. होते उलटेच, आणि एकदा घरी परतताना त्याला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडावे लागते. कुत्र्यांची ताठरलेली शरीरे भट्टीपाशी कोणी फावड्याने ठेचू नयेत म्हणून तो स्वतः ती नेऊन देतो. या दोन्ही कृतींत मारणाऱ्याला निर्दोष ठरवलेले नाही. त्याला पाहिलेले आहे, एवढेच.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. मरतो तो प्राणी. मग मारणाऱ्याच्या दुःखाची चर्चा म्हणजे बळीकडचे लक्ष काढून घेऊन मारण्याची सोय करणे नव्हे काय? परिचराचे अश्रू पुसले की प्राणीगृह अधिक सुरळीत चालेल, आणि प्रयोग कमी करण्याची निकडच उरणार नाही. हा आक्षेप सहज बाजूला सारण्याजोगा नाही. दुःखाची कबुली हा कित्येकदा अपराधाचा परवाना ठरतो, याचे दाखले इतिहासात पुष्कळ आहेत. परंतु गफूरच्या प्रार्थनेत याचे उत्तर आहे. स्वतःच्या हाताचे कृत्य त्याने नाकारले नाही, आणि म्हणूनच त्या कृत्यातील इतरांचा वाटा मोजण्याचा अधिकार त्याला आला. मारणाऱ्या हाताचे बोलणे ऐकले तर बळीचा विसर पडत नाही. उलट त्या हातामागे उभे असलेले बाकीचे हात दिसू लागतात. अनावश्यक मरण कोठे दिले जाते हे त्या हाताइतके कोणालाच ठाऊक नसते. नव्या औषधांच्या चाचण्यांत प्राण्यांऐवजी अन्य पद्धती वापरण्यास २०२३ च्या नियमदुरुस्तीने वाट मोकळी केली आहे. ती वाट किती वेगाने चालावी हे ठरवताना प्राणीगृहातील साक्ष उपयोगी पडेल.

या संदर्भात दोन घटना मार्गदर्शक ठरतात. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य वेदनेने तळमळत होते. गांधीजींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि डॉक्टरकडून सुई टोचवून त्याचा शेवट करवला. त्यानंतर त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. अहिंसेच्या दृष्टीने ते कृत्य योग्य होते की नव्हते याची चर्चा पुष्कळ झाली आहे. एक गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली गेली नाही: निर्णय घेणारा माणूस त्या वेळी तेथे उपस्थित होता. त्याने तोंड फिरवले नाही, आणि नंतर ते कृत्य स्वतःच्या नावावर घेतले. डॉक्टरच्या मनाविषयी त्या वादात कोणी लिहिले नाही. पण त्या क्षणी डॉक्टर एकटा नव्हता.

दुसरी घटना मुंबईची आणि माणसाविषयीची. अरुणा शानबाग यांच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर न्यायालयाने केईएम रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा कौल मानला. अनेक दशके ज्यांच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली त्या परिचारिकांना हे मरण नको होते. जपणाऱ्या हाताला मरणाच्या निर्णयात आवाज असला पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. प्राणी आणि माणूस यांत कायदा फरक करतो आणि करणारच. पण जपणारा हात दोन्हीकडे माणसाचाच असतो.

यावरून काही गोष्टी सुचतात. संस्थांच्या नीतिसमित्यांत प्राणीगृहातील परिचरांच्या एका प्रतिनिधीला जागा मिळावी. ज्यांच्या सहीने प्राण्यांचे मरण संमत होते त्यांनी वर्षातून काही वेळा तरी त्या खोलीत उभे राहावे. हे काम एकाच माणसाकडे सतत राहू नये, आणि ते नाकारणाऱ्याला नोकरीची भीती नसावी. जपानमधील विद्यापीठांत प्रयोगात मेलेल्या प्राण्यांसाठी दरवर्षी स्मरणविधी होतो. तसा विधी येथे उसना आणण्याचे कारण नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तूप-हळदीने मळणाऱ्या समाजाला ऋण मान्य करण्याची रीत शिकवावी लागत नाही.

भाषाविभागांकडे मात्र एक वेगळे काम येते. बोम्मसंद्रातील प्राणीगृहांत, महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत, २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूच्या साथीत लाखो कोंबड्या मारण्याचे काम ज्यांना करावे लागले त्यांच्या घरांत, या अनुभवाचे शब्द मराठीत, कन्नडात, तेलुगूत, तमिळमध्ये असणारच. ते अर्धवट, लाजरे आणि कोणी न विचारल्यामुळे न उच्चारलेले आहेत. ते ऐकून, त्या त्या भाषेत उतरवून, एकमेकांशेजारी ठेवणे हे तुलनात्मक साहित्याचेच काम आहे. दयामरण देणाऱ्याला काय म्हणावे हे त्या बोलण्यातूनच ठरेल. परिभाषा-समितीला ते ठरवता येणार नाही. तोवर निदान 'देण्यात आले' असे लिहिणाऱ्याने, ते कोणी दिले, हे वाक्यात नमूद करावे.